खऱ्या खुणेच्या शोधात : पॅट्रिक ब्लॅकेट



लहान वयात घर सोडून लष्करी शाळेत आलेल्या मुलाने पुढे काय व्हावे, याचे उत्तर आपण सगळे जवळजवळ ठरलेलेच देतो. गणवेश, कमिशन, मग पलटण किंवा जहाज. पॅट्रिक ब्लॅकेट हा इंग्रज मुलगा याच वाटेने निघाला. त्याने आठ वर्षांहून अधिक काळ नौदलात काढला, दोन मोठ्या सागरी लढाया पाहिल्या, आणि एकविसाव्या वर्षी गणवेश उतरवून तो प्रयोगशाळेत गेला. तेथील कामाबद्दल त्याला १९४८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धात त्याच माणसाने तोफखाना, विमानदल आणि नौदल या तिघांनाही आपल्या कामाकडे नव्या नजरेने पाहायला शिकवले. स्वतंत्र भारताच्या संरक्षण संशोधनाच्या पायाभरणीतही त्याचा हात होता.

ही कामे वरवर पाहता एकमेकांपासून दूरची वाटतात. पण त्यांच्यात एक धागा आहे. खोट्या खुणांच्या गर्दीतून खरी खूण वेगळी काढायची, आणि ती खरी आहे याची खात्री पटेपर्यंत थांबायचे, हा तो धागा. ब्लॅकेट यांचे चरित्र त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

नाविक शाळा आणि दोन लढाया

पॅट्रिक मेनार्ड स्टुअर्ट ब्लॅकेट यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शेअर दलाल होते. आईचे वडील तोफखान्यात अधिकारी होते. घरात विज्ञानाची परंपरा अशी नव्हती, पण मुलाला यंत्रांचा नाद होता. विमानांच्या प्रतिकृती बनवणे, साधे रेडिओ संच जोडणे आणि पक्ष्यांचे निरीक्षण करणे यात त्याचा वेळ जाई.

१९१० साली ऑसबॉर्न येथील शाही नाविक महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी त्याची मुलाखत झाली. चार्ल्स रोल्स यांनी नुकतीच विमानाने इंग्लिश खाडी पार केली होती. त्या उड्डाणाबद्दल विचारताच या मुलाने परीक्षकांना इतकी तपशीलवार माहिती दिली की त्याची निवड अवघड राहिली नाही. निवड मंडळासमोर बसण्याची तयारी करणाऱ्या आपल्या वाचकांना यातले मर्म वेगळे सांगायला नको. त्याने ती माहिती मुलाखतीसाठी पाठ केलेली नव्हती. त्याला त्या विषयात खरोखरच रस होता.

तेरावे वर्ष पुरे होण्याआधी पॅट्रिक ऑसबॉर्नमध्ये दाखल झाला. दोन वर्षांनी तो डार्टमथला गेला. वर्गात तो बहुधा पहिलाच असे. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि शिक्षण अर्धवट सोडून कॅडेटांना जहाजांवर पाठवण्यात आले. तेव्हा पॅट्रिक सोळा वर्षांचा होता. ८ डिसेंबर १९१४ रोजी फॉकलंड बेटांजवळ झालेल्या लढाईत तो ‘कार्नार्व्हन’ या क्रूझरवर मिडशिपमन म्हणून हजर होता. त्या दिवशी ब्रिटिश आरमाराने ॲडमिरल फॉन श्पे यांच्या जर्मन ताफ्यातील बहुतेक जहाजे बुडवली.

दीड वर्षाने, ३१ मे १९१६ रोजी, जटलंडची लढाई झाली. ब्लॅकेट तेव्हा ‘बारहॅम’ या युद्धनौकेवर होता. फॉकलंडला जे सोपे वाटले होते ते येथे सोपे राहिले नाही. तीन मोठ्या ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाल्या. ‘बारहॅम’वरही गोळे पडले आणि जहाजावरची माणसे मेली. ब्रिटिशांची १४ जहाजे आणि ६,००० हून अधिक माणसे गेली. जर्मनांची ११ जहाजे बुडाली.

अठरा वर्षांच्या त्या अधिकाऱ्याच्या मनात या लढाईने एक प्रश्न रुजवला. शत्रूचे गोळे आपल्यापेक्षा अचूक का पडतात? धैर्यात कोणीच कमी नव्हते. उणीव मोजमापात होती. लक्ष्याचे अंतर, त्याचा वेग, आपल्या जहाजाचे डोलणे आणि गोळ्याला लागणारा वेळ यांचा हिशेब चुकत होता. ‘बारहॅम’वर असतानाच ब्लॅकेट यांनी एका सहकाऱ्याबरोबर तोफखान्यासाठी एक उपकरण तयार केले, आणि नौदलाने त्याचे पेटंट घेतले. पुढे विनाशिकेवर काम करतानाही नेमबाजीचा दर्जा त्यांना खटकत राहिला. मिळेल त्या वेळात ते विज्ञानाची पुस्तके वाचू लागले. मे १९१८ मध्ये त्यांना लेफ्टनंटची बढती मिळाली. पण नौदल सोडण्याचा विचार तोवर पक्का होत आला होता.

गणवेश उतरतो

युद्धामुळे ज्यांचे शिक्षण तुटले होते अशा तरुण अधिकाऱ्यांना नौदलाने जानेवारी १९१९ मध्ये एका छोट्या अभ्यासक्रमासाठी केंब्रिजला पाठवले. त्यांत ब्लॅकेट होते. विद्यापीठात काय चालते ते पाहावे म्हणून ते कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत डोकावले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी नौदलाचा राजीनामा दिला आणि गणित व भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून नाव नोंदवले.

हा निर्णय आज वाचताना सोपा वाटतो. तेव्हा तो तसा नव्हता. बाराव्या वर्षापासून अंगवळणी पडलेली शिस्त, पगार, बढती, सोबती, सगळे सोडून पुन्हा पहिल्या बाकावर बसायचे होते. पण नौदलाने शिकवलेले काही त्यांनी मागे टाकले नाही. यंत्र हाताने उघडणे, दुरुस्त करणे, नोंदी काटेकोर ठेवणे आणि अवघड कामासाठी माणसे जमवणे या सवयी त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडल्या.

१९२१ साली पदवी मिळाल्यावर ते अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या हाताखाली काम करू लागले. रदरफर्ड यांनी १९१९ साली दाखवले होते की अल्फा कण नायट्रोजनवर आदळले की त्यातून प्रोटॉन बाहेर पडतो. पण त्या टकरीत नेमके घडते काय, हे कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. ते दाखवण्याचे काम ब्लॅकेट यांच्याकडे आले.

त्यासाठी साधन होते विल्सन यांचे क्लाउड चेंबर, म्हणजे मेघपेटी. बाष्पाने भरलेल्या पेटीतली हवा एकदम प्रसरण पावू दिली की ती थंड होते. त्या क्षणी पेटीतून विद्युतभारित कण गेलेला असेल, तर त्याच्या वाटेवर बारीक थेंब जमतात आणि पांढरी रेघ दिसते. उंचावरून गेलेल्या विमानामागे आकाशात रेघ उमटते, तसेच काहीसे. ब्लॅकेट यांनी ही पेटी आपोआप चालेल आणि दर काही सेकंदांनी छायाचित्र घेईल अशी व्यवस्था केली. त्यांनी सुमारे २३,००० छायाचित्रे घेतली. त्यांत अल्फा कणांच्या सुमारे ४,१५,००० रेघा होत्या. त्या एकेक तपासल्यावर हव्या तशा दुभंगलेल्या रेघा किती सापडल्या? आठ. म्हणजे ५०,००० हून अधिक रेघांमागे एक. त्या आठ रेघांवरून सिद्ध झाले की अल्फा कण नायट्रोजनच्या केंद्रकात सामावतो, प्रोटॉन बाहेर फेकला जातो आणि मागे उरतो तो ऑक्सिजन. एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात रूपांतर होतानाचे ते पहिले चित्र १९२५ साली जगापुढे आले.

येथे ब्लॅकेट यांनी चिकाटी दाखवली खरी, पण हा मार्ग किती खर्चिक आहे हेही त्यांच्या ध्यानात आले. नको असलेल्या लाखो रेघा चाळून हवी ती रेघ शोधायची. याहून चांगली रीत असली पाहिजे.

दोन पहारेकरी

तशी रीत सुचण्याची वेळ १९३१ साली आली. इटलीतल्या फ्लॉरेन्सहून जुझेप्पे ओक्यालिनी नावाचा तरुण केंब्रिजला आला. तो तीन महिन्यांसाठी आला होता, राहिला तीन वर्षे. गायगर गणकयंत्रे एकमेकांना जोडून वापरण्याची कला तो ब्रुनो रॉसी यांच्याकडून शिकला होता. ब्लॅकेट मेघपेटीचे जाणकार होते. दोघांनी मिळून अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास करायचे ठरवले.

अडचण अशी होती. विश्वकिरण कधी येईल याचा नेम नसतो. पेटी मात्र क्षणभरच जागी असते. मनाला येईल तेव्हा पेटी चालवून छायाचित्र घेतले, तर शंभरातल्या दोन-पाच छायाचित्रांत काही दिसे. बाकीची फुकट जात. गायगर गणक लावावा, तर तोही एकटा विश्वासाचा नव्हता. भिंतीतला, हवेतला, काचेतला जरासा किरणोत्सारही त्याला पुरतो. त्याची टिकटिक सतत चालू असते.

उपाय समजण्यासाठी आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. छावणीच्या दोन टोकांना दोन चौक्या आहेत. रात्र १२ तासांची, म्हणजे ७२० मिनिटांची. कोल्हा, वारा, गळलेली फांदी यांमुळे प्रत्येक चौकीवरून रात्रीतून १० खोटे इशारे येतात. दर इशाऱ्याला सगळी छावणी उठवली तर रात्रीत वीस वेळा उठावे लागेल. आता नियम बदला. दोन्ही चौक्यांवरून एकाच मिनिटात इशारा आला तरच छावणी उठवायची. एका चौकीचे १० खोटे इशारे दुसरीच्या १० इशाऱ्यांशी योगायोगाने जुळण्याचा हिशेब १० गुणिले १० भागिले ७२० असा होतो. म्हणजे साधारण सात रात्रींतून एकदा. पहारेकरी बदलले नाहीत, त्यांचे कान अधिक तीक्ष्ण झाले नाहीत. फक्त दोघांची साक्ष जुळवली, आणि खोटे इशारे जवळजवळ नाहीसे झाले. मिनिटाऐवजी अर्ध्या मिनिटाची अट घातली तर ते आणखी निम्मे होतील.

या नियमाला दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही चौक्या एकमेकांपासून स्वतंत्र हव्यात. एकच वादळ दोघींना एकदम हलवत असेल तर जुळलेल्या साक्षीलाही किंमत नाही. दुसरी, शत्रू दोन्ही चौक्यांसमोरून जाणारा हवा. एकीसमोरूनच गेला तर तो निसटेल. म्हणून चौक्या कोठे मांडायच्या हे विचार करूनच ठरवावे लागते.

ब्लॅकेट आणि ओक्यालिनी यांनी हेच केले. मेघपेटी उभी ठेवून एक गणक तिच्या वर आणि एक खाली बसवला. दोन्ही गणक एकाच क्षणी वाजले, तर त्याचा अर्थ एकच कण वरून खाली, पेटीच्या आरपार गेला असा बहुधा होतो. तो संकेत मिळताच पेटी स्वतःच प्रसरण पावे आणि छायाचित्र निघे. कण निघून गेलेला असला तरी त्याने मागे ठेवलेले विद्युतभारित अणू सेकंदाचा शंभरावा भाग फारसे हलत नाहीत. तेवढ्या वेळात पेटी उघडली की रेघ पकडता येते. विश्वकिरण जणू स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढू लागले. आता दहांतल्या साधारण आठ छायाचित्रांत रेघ दिसू लागली.

पॉझिट्रॉन

पेटीभोवती चुंबकीय क्षेत्र होते. त्यात ऋण भाराचा कण एका बाजूला वळतो आणि धन भाराचा दुसऱ्या. १९३२ च्या शरद ऋतूत या दोघांना काही छायाचित्रांत रेघांचा फवाराच दिसला. त्या रेघा इलेक्ट्रॉनसारख्याच बारीक होत्या, पण त्यांतल्या काही उलट्या बाजूला वळत होत्या. धन भाराचा इलेक्ट्रॉन? असा कण असावा हे केंब्रिजमध्येच पॉल डिरॅक यांच्या गणिताने सुचवले होते, पण त्यावर फारसे कोणी विसंबत नव्हते.

येथे ब्लॅकेट यांच्या स्वभावाची परीक्षा झाली. उलटी वळलेली रेघ ही खालून वर जाणाऱ्या साध्या इलेक्ट्रॉनचीही असू शकते. एखाद्या प्रोटॉनची असू शकते. हवेच्या हालचालीने रेघ वाकलेली असू शकते. प्रत्येक शंका तपासून बाजूला सारेपर्यंत त्यांनी निबंध छापायला दिला नाही. तेवढ्यात अमेरिकेत पॅसाडेना येथे कार्ल अँडरसन यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये तसाच कण आपल्या पेटीत पाहिला आणि सप्टेंबरमध्ये तो जाहीरही केला. अँडरसन यांची पेटी जुन्या रीतीने, अंदाजाने चालत असे. त्यांना १,३०० छायाचित्रांत अशा १५ रेघा मिळाल्या होत्या. पहिल्या शोधाचा मान त्यांना मिळाला, आणि १९३६ साली नोबेलही.

ब्लॅकेट आणि ओक्यालिनी यांचा निबंध १९३३ च्या सुरुवातीला आला. त्यात अँडरसन यांच्या कामाचा उल्लेख होता. पण त्यात अँडरसन यांनी न सांगितलेलेही काही होते. हा कण डिरॅक यांच्या गणितातलाच आहे. किरणांच्या ऊर्जेतून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी एकदम जन्मते. आणि पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन भेटला की दोघेही नाहीसे होऊन पुन्हा ऊर्जा उरते, म्हणूनच तो निसर्गात सहज सापडत नाही. पहिला क्रमांक हुकला, पण नुसत्या कणाऐवजी त्या कणाचा अर्थ त्यांनी जगाला दिला. उशीर झाला तरी पुराव्याशिवाय बोलायचे नाही, ही किंमत त्यांनी समजून मोजली होती.

आजची प्रयोगशाळा

हे काम आज कोठे आहे? धातू, अर्धवाहक, प्लास्टिक यांच्या आत अणूंच्या रांगेत एखादी जागा रिकामी राहिली तर ती सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसत नाही. पण अशा सुट्या जागांतून धातूचा थकवा सुरू होतो. पॉझिट्रॉनला या पोकळ जागा आवडतात. तो तेथे अडकतो, जवळच्या इलेक्ट्रॉनबरोबर नाहीसा होतो, आणि दोन गॅमा किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना निघतात. प्रत्येकाची ऊर्जा साधारण ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. नष्ट झालेला इलेक्ट्रॉन किती वेगात होता यावर ती किंचित कमी-जास्त होते. तो किंचित फरक मोजला की पोकळीचा आणि तिच्या शेजारच्या अणूंचा पत्ता लागतो.

अडचण पुन्हा जुनीच. पॉझिट्रॉन देणारे सोडियम-२२ स्वतः १,२७५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आणखी एक गॅमा किरण सोडते. तो शोधकात आपली अर्धीमुर्धी ऊर्जा टाकून निघून जातो आणि नेमक्या हव्या त्या जागी खोटी नोंद करतो. महत्त्वाची खूण अतिशय फिकी असल्याने ती या गोंगाटात बुडते. उपाय ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेतलाच आहे. नमुन्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन शोधक ठेवायचे, आणि दोघांनी एकाच क्षणी किरण पाहिला तरच नोंद करायची. शिवाय दोन्ही ऊर्जांची बेरीज १,०२२ भरते का तेही पाहायचे. या दुहेरी तपासणीने गोंगाट शेकडो पटींनी उतरतो. त्याची किंमत म्हणून नोंदी फार सावकाश जमतात.

पॉझिट्रॉनचा संथ झोत वापरताना आणखी काळजी घ्यावी लागते. मूळ स्रोत शिशाच्या आड, नमुन्यापासून दूर ठेवतात. झोताची वाट मुद्दाम वळवतात, म्हणजे चुंबकाने वळवलेले पॉझिट्रॉन पोहोचतात आणि सरळ जाणारे गॅमा किरण वळणावर मागे राहतात. नमुन्यावरून उसळून परत फिरलेले पॉझिट्रॉन जवळच्या भिंतीवर नष्ट झाले तर तेथूनही खोटी खूण येते, म्हणून भिंती शोधकांपासून लांब ठेवतात. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि कल्पक्कम येथे हे तंत्र वापरले जाते. रुग्णालयातले पेट स्कॅनही याच दोन किरणांच्या जुळणीवर चालते. आपल्यापैकी काहींच्या घरी त्याचा अनुभव असेल. डॉक्टरांना दिसणारे ते चित्र दोन साक्षीदारांच्या एकवाक्यतेतून बनलेले असते.

पुन्हा युद्ध

१९३७ साली ब्लॅकेट मँचेस्टरला प्राध्यापक झाले. त्याआधीच, १९३५ पासून, हवाई संरक्षणाचा विचार करणाऱ्या टिझार्ड समितीवर ते होते. याच समितीने रडारला पाठबळ दिले. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा विमानविरोधी तोफखान्याचे प्रमुख जनरल पाइल यांचे वैज्ञानिक सल्लागार म्हणून ते गेले. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, शरीरशास्त्रज्ञ, सैनिक अशी सरमिसळ तुकडी जमवली. लोक तिला गमतीने ब्लॅकेटची सर्कस म्हणत.

सुरुवातीला एक विमान पाडायला सुमारे २०,००० गोळे खर्ची पडत. रडारची माहिती तोफेपर्यंत कशी पोहोचते, हिशेब कोठे चुकतो, माणूस कोठे गोंधळतो हे तपासून रीती सुधारल्यावर १९४१ मध्ये हा आकडा ४,००० च्या आसपास आला.

याच काळातली एक हकिगत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आकडे असे सांगत होते की समुद्रकिनाऱ्यावरच्या तोफा आतल्या भागातल्या तोफांच्या निम्म्याच गोळ्यांत विमान पाडतात. का? पाण्यावर रडार चांगले चालते का, किनाऱ्यावर विमाने सरळ उडतात का, असे अनेक तर्क झाले. शेवटी कारण सापडले ते साधे होते. जमिनीवर पडलेल्या विमानाचे अवशेष मोजता येत, त्यामुळे खोटा दावा गळून पडे. समुद्रात पडल्याचा दावा तपासायला कोणी जाऊ शकत नव्हते. किनाऱ्याचे तोफची अधिक निपुण नव्हते, त्यांचे दावे फक्त पडताळलेले नव्हते. एकट्या गणकाची टिकटिक आणि पडताळणी नसलेला दावा यांत ब्लॅकेट यांना फरक दिसला नसणार.

मार्च १९४१ मध्ये ते हवाई दलाच्या किनारा विभागात गेले. तेथे पाणबुड्यांवर टाकलेले पाणसुरुंग १०० फूट खोलीवर फुटत. पण विमानाने अचानक गाठलेली पाणबुडी बहुधा पृष्ठभागाजवळच असते, हे ब्लॅकेट यांचे सहकारी ई. जे. विल्यम्स यांनी हिशेबाने दाखवले. खोली कमी करत अखेर २५ फुटांवर आणली आणि हल्ल्यांचे यश कित्येक पटींनी वाढले. नवे शस्त्र लागले नाही, फक्त एक आकडा बदलावा लागला. रात्रीच्या बॉम्बफेकीसाठी काळी रंगवलेली विमाने दिवसा समुद्रावर गस्त घालत. उजळ आकाशात ती लांबूनच दिसत आणि पाणबुडी बुडी मारून निसटे. ती पांढरी रंगवण्यात आली. पुढे नौदलात गेल्यावर त्यांच्या गटाने मोठे काफिले अधिक सुरक्षित असतात हे दाखवले. जहाजे दुप्पट केली तरी काफिल्याचा घेर साधारण १.४ पटच वाढतो, त्यामुळे तेवढ्याच रक्षक जहाजांत अधिक मालाचे संरक्षण होते.

सगळ्याच ठिकाणी त्यांचे ऐकले गेले असे नाही. १९४२ साली जर्मन शहरांतली घरे बॉम्बने पाडून युद्ध जिंकता येईल असा हिशेब सरकारपुढे मांडला गेला. तो अंदाज सुमारे सहापट फुगवलेला आहे, असे ब्लॅकेट यांनी स्पष्ट कळवले. त्यांच्या मते ती विमाने अटलांटिकवर पाणबुड्यांविरुद्ध वापरायला हवी होती. त्यांचे मत बाजूला ठेवण्यात आले. सत्तेच्या जवळ बसून नको असलेला आकडा सांगणे हे तोफेसमोर उभे राहण्याइतकेच कठीण असते. त्यांनी ते केले, आणि मत डावलले गेल्यावरही आपले काम सोडले नाही.

स्वतःविरुद्धचा निकाल

युद्धानंतर त्यांना एक कल्पना सुचली. फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूत, केवळ फिरण्यामुळेच, थोडे चुंबकत्व येत असावे, आणि पृथ्वीचे चुंबकत्व त्यामुळेच असावे. ती तपासण्यासाठी त्यांनी अतिशय संवेदनशील चुंबकमापक बनवला आणि सुमारे १५ किलो शुद्ध सोन्याचा दंडगोल बँक ऑफ इंग्लंडकडून उसना घेतला. शहरातल्या लोखंडाचा आणि विजेचा उपद्रव टाळण्यासाठी प्रयोग जॉड्रेल बँक येथील उघड्या माळावर मांडला. निकाल आला तो नाही असा. १९५२ साली त्यांनी आपलीच कल्पना चुकल्याचे सविस्तर प्रसिद्ध केले.

ते उपकरण मात्र वाया गेले नाही. जुन्या खडकांत गोठून राहिलेले क्षीण चुंबकत्व त्या प्रकारच्या मापकांनी मोजता येऊ लागले. १९५३ साली ब्लॅकेट लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेले आणि त्यांच्या गटाने भारतातल्या दख्खनच्या काळ्या कातळाचेही नमुने तपासले. तो कातळ थिजला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असे त्या मापनांतून दिसले. आपल्यापैकी ज्यांचे गाव सह्याद्रीच्या कुशीत आहे, त्यांच्या पायाखालच्या दगडाने खंड सरकतात या विचाराला अशी साक्ष दिली.

भारताशी नाते

जानेवारी १९४७ मध्ये दिल्लीतल्या विज्ञान परिषदेसाठी ब्लॅकेट आले आणि पंडित नेहरूंशी त्यांची ओळख झाली. नेहरूंनी त्यांना संरक्षण आणि विज्ञान यांबाबत सल्ला मागितला. १९४८ साली त्यांनी अहवाल दिला. मोठ्या राष्ट्रांची नक्कल न करता आपल्या साधनांना पेलेल तेवढेच नीट करावे, आणि वैज्ञानिकाला संरक्षण मंत्र्यांच्या जवळ स्थान द्यावे, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी दौलतसिंह कोठारी पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले आणि संरक्षण विज्ञान संघटना उभी राहिली. १९५८ साली स्थापन झालेल्या डीआरडीओमध्ये ती पुढे विलीन झाली. मुंबईत जन्मलेले होमी भाभा केंब्रिजमध्ये असताना त्यांनीही पॉझिट्रॉनवर महत्त्वाचे काम केले होते. ते ब्लॅकेट यांचे मित्र होते. पुढची वीस-बावीस वर्षे ब्लॅकेट वरचेवर भारतात येत राहिले.

१९६५ ते १९७० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १३ जुलै १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आपल्यातले बहुतेक जण गणवेशातच राहतील, काही जण वेगळ्या वाटेने जातील. दोन्हीकडे एक प्रसंग नक्की येईल. समोर एक बातमी असेल, एक आकडा असेल, एक इशारा असेल, आणि तो खरा मानायचा मोह होईल, कारण तो आपल्याला हवा तसा असेल. अशा वेळी दुसरा साक्षीदार कोण आहे, तो पहिल्यापासून स्वतंत्र आहे का, आणि आपल्या पहाऱ्यातून काय निसटत असेल, हे तीन प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही. जटलंडच्या धुरात अठरा वर्षांच्या एका मिडशिपमनने असे प्रश्न विचारायला सुरुवात केली होती.